पंप गेला असणार, साहेब!

डिझेल गाडी सकाळी सुरू झाली नाही की आपल्याकडे निदान आधी होतं आणि तपासणी नंतर. स्टार्टर फिरतोय, इंजिन काही पकडत नाही, पार्किंगमधे वॉचमन आणि दोन-चार शेजारी जमलेत, आणि फोनवरून गॅरेजवाला सांगतो, "पंप गेला असणार, साहेब. नाहीतर इंजेक्टर." गाडी त्याने पाहिलेली नसते. बॉनेटसुद्धा उघडलेलं नसतं. आपल्या धंद्यात कोणी लॉग न उघडता "डेटाबेस गेला असणार, नवा घ्या" असं म्हणालं तर आपण त्याला पुढच्या मीटिंगला बोलावणार नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपला पहिला प्रश्न असतो, "साधारण किती खर्च येईल हो?"

माझं म्हणणं सरळ आहे. डिझेल पुरवठ्यातला बिघाड अंदाजाने दुरुस्त करायची गरजच नसते. टाकीपासून इंजेक्टरपर्यंत एकच रस्ता आहे, त्यावर मोजकेच थांबे आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक थांब्यावर काहीतरी बघता, ऐकता किंवा मोजता येतं. हे न करता जो पार्ट बदलत सुटतो तो तुमच्या पैशाने जुगार खेळतो. आणि खेळाची सुरुवात नेमकी सर्वात महाग पत्त्याने होते! दहा-बारा वर्षं जुन्या गाडीत हाय प्रेशर पंप आणि चार इंजेक्टर बदलायचे म्हणजे काही वेळा गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जाणारं बिल. त्या आकड्याला घाबरून लोक बऱ्यापैकी धडधाकट गाडी भंगाराच्या भावात देऊन टाकतात.

थोडी पूर्वपीठिका. (कंटाळा येत असेल तर पुढचे दोन परिच्छेद गाळा, पण मग स्वतःला इंजिनियर म्हणवून घेऊ नका :) )

रुडॉल्फ डिझेलचं पहिलं नीट चालणारं इंजिन १८९७ मधे जर्मनीतल्या आउग्सबुर्गला फिरलं. त्यात ठिणगी नव्हती, आजही नसते. हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारायचा. संपलं. म्हणजे इंजिन सुरू व्हायला ते पुरेशा वेगाने फिरायला हवं, हवा नीट दाबली जायला हवी आणि योग्य क्षणी योग्य दाबाने डिझेल यायला हवं. १९९८ साली आलेल्या पहिल्या इंडिकासारख्या गाड्यांमधे हे काम यांत्रिक पंप करायचा. त्याला डोकं नव्हतं. डिझेल पोचलं की तो ढकलणारच.

मग कॉमन रेल आलं. १९९७ मधे अल्फा रोमिओ १५६ मधून ते पहिल्यांदा प्रवासी गाड्यांत उतरलं, आणि पुढच्या दहा वर्षांत आपल्याकडच्या हॅचबॅकपर्यंत पोचलं. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन तर मारुती, टाटा आणि फियाट अशा तीन घरी नांदलं. मारुतीने एप्रिल २०२० मधे डिझेल गाड्या बंद केल्या, पण ही इंजिनं अजून रस्त्यावर भरपूर आहेत, आणि आता ती नेमकी ह्या दुखण्यांच्या वयात आलीयेत. ह्या पद्धतीत पंप डिझेल एका जाड नळीत म्हणजे रेलमधे दाबून ठेवतो आणि इंजेक्टर कधी उघडायचा ते ईसीयू ठरवतो. चालू गाडीत हा दाब हजार-दीड हजार बारपर्यंत जातो. टायरमधे सव्वादोन बार असतात, त्यावरून कल्पना करा. आता महत्त्वाचा मुद्दा असा की स्टार्टर फिरत असताना रेलमधे एक किमान दाब तयार झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. आकडा गाडीगणिक वेगळा, साधारण दोनशे बारच्या आगेमागे. म्हणजे "गाडी सुरू होत नाही" ह्याचा अर्थ पुष्कळदा "काहीतरी तुटलंय" असा नसतो. हेल्थ चेक पास झाला नाही म्हणून सर्व्हर ट्रॅफिक घ्यायला नकार देतोय, एवढाच असतो. आता तो का पास झाला नाही ते शोधायचं, का सरळ नवा सर्व्हर मागवायचा?

शोधायचं तर गाडीत बसल्या बसल्या बरंच कळतं. स्टार्टर नेहमीच्या जोमाने फिरतोय का? बॅटरी मरतुकडी असेल तर इंजिन रडत रडत फिरतं, पंपही तितकाच हळू फिरतो आणि दाब बनत नाही. डिझेल पुरवठ्याचा म्हणून गॅरेजमधे आलेला पेशंट असा बॅटरीचा निघू शकतो. इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत असेल तर चावीची गोष्ट वेगळी. स्टार्टर फिरताना आरपीएमचा काटा किंचित उचलला जातो का, हेही बघा. एरवी उचलला जायचा आणि आज मेल्यासारखा पडून आहे, तर क्रँक सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. इंजिन कुठे आहे हेच ईसीयूला कळत नसेल तर तो फवारा मारणार तरी कधी? (काही गाड्यांत काटा एरवीही हलत नाही. म्हणून गाडी ठणठणीत असताना एकदा बघून ठेवावं.)

मग कुणालातरी सायलेन्सरच्या नळीमागे उभं करा. मदत करायला जमलेल्या शेजाऱ्यांना तेवढंच काम. स्टार्टर फिरताना पांढरट धूर आणि कच्च्या डिझेलचा वास येतोय? मग डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण पेटत नाहीये. चौकशी ग्लो प्लग आणि कॉम्प्रेशनच्या दिशेने न्यायची. धूर अजिबातच नाही? मग डिझेल पोचतच नाहीये, किंवा ईसीयू सोडत नाहीये. एका निरीक्षणात अर्धं इंजिन संशयातून बाद. ह्याहून स्वस्त बायनरी सर्च मला माहीत नाही. डीपीएफ बसवलेल्या बीएस ६ गाड्यांत धुराची साक्ष तितकी भरवशाची नाही, पण जुन्या गाड्यांत आहे.

धूर नाही असं ठरलं की मग टाकीपासून निघायचं. डिझेल आहे ना? हसू नका. आपण सपोर्टवाले "केबल लावलीय का" विचारतो ते उगाच नाही. उतारावर लावलेल्या गाडीत काटा खोटं बोलू शकतो. आणि डिझेल संपून गाडी बंद पडली असेल तर पाच लिटरचा कॅन ओतून काम भागत नाही, कारण नळ्यांमधे हवा भरलेली असते. ती काढावी लागते.

चावी फिरवल्यावर, स्टार्टर मारण्याआधी, मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते का? तो टाकीतला विजेचा पंप. एरवी यायची आणि आज येत नाही, तर फ्यूज, रिले, वायर, आणि मग पंप. ह्या क्रमाने, उलट नाही. फियाट आणि फोर्डच्या अनेक गाड्यांत धक्का बसला की इंधन तोडणारा एक इनर्शिया स्विच असतो. खड्ड्यात जोरात आपटलं की तो कधी कधी उगाचच उडतो, आणि परत दाबला की गाडी सुरू! (आमच्याकडचे रस्ते पाहता हा स्विच रोज उडत नाही ह्याचंच आश्चर्य.) काही गाड्यांत टाकीत पंपच नसतो. हाय प्रेशर पंपाला जोडलेला छोटा गिअर पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. अशा गाडीत गुणगुण नाही म्हणून टाकी उतरवायला निघालेल्या मेकॅनिकपासून सावध राहा.

फिल्टर चोंदला तर बहुतेक वेळा तो आधी इशारा देतो. हायवेवर ओव्हरटेक करताना दम लागतो, चढावर गाडी मरगळते. पाण्याचं तसं नाही. आपल्या पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत ओल धरते, कधी पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतूनच पाणी येतं. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे फिल्टरच्या तळाशी साठतं. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी तळाला एक स्क्रू असतो. तो सैल करून थोडं डिझेल काचेच्या बरणीत काढायचं आणि बरणी पाच-दहा मिनिटं ठेवून द्यायची. खाली पाण्याचा थर दिसला तर उत्तर मिळालं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतूही वाढतात आणि काळपट बुळबुळीत साका धरतो. तो दिसला तर नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टाकी धुवावी लागते.

आणि आता हवा. माझ्या मते महागड्या चुकीच्या निदानांना सर्वात जास्त जन्म देणारी गोष्ट हीच.

लोकांचा समज असतो की डिझेल कुठे सांडलेलं नाही, खाली डाग नाही, म्हणजे गळती नाही. ओढणाऱ्या बाजूला हे तर्कशास्त्र चालत नाही. टाकीपासून गिअर पंपापर्यंतच्या नळीत, गाडी चालू असताना, दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे बारीक फट असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणजे गळती आहे आणि पुरावा नाही. हवा आत गेली की ती दाबली जाते, पण पुढे दाब देत नाही. पंप फिरतोय आणि रेलमधे काही बनत नाही. शिवाय गाडी रात्रभर उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरते आणि नळीतलं डिझेल गुपचूप टाकीकडे परत जातं. संध्याकाळी ऑफिसमधून निघताना गाडी एका झटक्यात सुरू, आणि सकाळी रडारड. हे लक्षण ऐकलं की माझं पहिलं बोट फिल्टरच्या ओ-रिंगकडे, चिरलेल्या रबरी नळीकडे आणि क्लिपांकडे जातं. गाडीला रबरी गोळ्याचा हातपंप असेल तर तो घट्ट होईपर्यंत दाबून बघा. दाबल्यावर लगेच सुरू झाली, तर हाय प्रेशर पंपाची निर्दोष सुटका जवळजवळ झालीच.

आमच्या इमारतीतल्या काकांची गाडी. अकरा वर्षांची सेडान, काका निवृत्त, गाडी आठवड्यातून दोन-तीनदा बाहेर निघणार. ती सकाळी सुरू व्हायला कुरकुरायला लागली, मग एकदा झालीच नाही. गॅरेजने पंप आणि चारही इंजेक्टरचा अंदाज दिला. आकडा ऐकून काका म्हणाले, "अरे, विकूनच टाकतो. तुझ्या काकूला रिक्षा आवडते." मी म्हटलं, "काका, आठवडाभर फक्त लिहून ठेवा. किती तास उभी होती, तोंड चढाकडे होतं की उताराकडे, किती वेळ स्टार्टर मारावा लागला." काका बँकेतले. त्यांनी चक्क वहीत रकाने आखले! आठवड्याने चित्र स्वच्छ होतं. नाक चढाकडे करून रात्रभर उभी केली की त्रास, उताराकडे केली की जवळजवळ नाही. दाब न बनवणाऱ्या पंपाला गाडीचं तोंड कुठे आहे ह्याच्याशी काय देणंघेणं? मग मी आपला धंद्यातला प्रश्न विचारला. त्रास सुरू व्हायच्या आधी शेवटचा बदल काय केला होता? वहीच्या मागच्या पानावर सर्व्हिसची तारीख होती. फिल्टर बदललेला, आणि कुरकूर त्याच आठवड्यापासून.

दुसऱ्या एका फिटरने फिल्टर आणि पंपाच्या मधे वीतभर पारदर्शक नळी जोडली. स्टार्टर मारला आणि नळीतून बुडबुड्यांची मिरवणूक निघाली. फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग बसवताना चिमटली गेली होती. नवीन ओ-रिंग, थोडं प्राइमिंग, गाडी सुरू. पहिल्या गॅरेजमधली माणसं वाईट होती असं मला अजिबात वाटत नाही. त्यांनी वीतभर नळी लावून बघितली नाही, एवढंच. पण त्या "एवढंच" ची किंमत काकांची गाडी होती.

कमी दाबाची बाजू स्वच्छ निघाली की मगच हाय प्रेशरकडे जायचं. इथे स्वतः हात घालू नका, पण प्रश्न नक्की विचारा. एकच प्रश्न पुरतो: "स्टार्टर मारताना रेल प्रेशर किती आलं?" कुठल्याही बऱ्या स्कॅनरवर हा आकडा दिसतो. २०१३ नंतरच्या गाड्यांत स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी डाँगल आणि फोनवरचं अॅपही बऱ्याचदा दाखवतं. पी ००८७ हा कोड आला असेल तर त्याचा अर्थ फक्त "रेलमधे दाब कमी" एवढाच आहे. "पंप बदला" असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. एररचा मेसेज हा लक्षणाचा पत्ता असतो, गुन्हेगाराचा नाही, हे आपल्याला तरी सांगायला नको. आणि सेन्सर खोटं बोलत नाही ना तेही बघावं. गाडी रात्रभर बंद असताना नुसती चावी फिरवली तर दाब शून्याजवळ दिसायला पाहिजे. तेव्हाच तो दोन-तीनशे दाखवत असेल तर आधी त्या सेन्सरला आणि त्याच्या वायरला विचारा.

दाब बनत नाही ह्याची दोन कारणं असू शकतात. पंप देत नाही, किंवा दिलेलं कुठेतरी निसटतंय. गच्चीवरची टाकी भरत नाही म्हणून मोटर बदलण्याआधी आपण कुणाचा नळ उघडा राहिलाय का ते बघतो. इंजेक्टरचा नळ बघायची युक्ती म्हणजे बॅक लीक टेस्ट. प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी वेगवेगळ्या छोट्या बाटलीत सोडायची आणि ठरावीक वेळ इंजिन फिरवायचं. तीन बाटल्या तळाशी आणि चौथी भरभरून वाहतेय, तर एक इंजेक्टर दोषी. एक. चार नव्हेत. ह्या चाचणीला लागतात चार बाटल्या, नळ्या आणि थोडा वेळ. रेलवरचा प्रेशर व्हॉल्व्ह आणि पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्हही तपासावे लागतात. हे सगळं सुटलं की उरतो तो पंप. तो खरोखर झिजला असेल तर धातूचा चुरा करतो. फिल्टरमधलं डिझेल पांढऱ्या फडक्यावर ओतलं की चकाकी दिसते. चकाकी दिसली तर मात्र मोठं बिल खरं आहे. तो चुरा इंजेक्टरपर्यंत जातो आणि सगळी यंत्रणा साफ करावी लागते. तेव्हा घासाघीस करू नका. पण फडकं बघायला मागा.

इथे एक गंभीर इशारा. जुन्या इंजिनात मिस्त्री इंजेक्टरचा नट सैल करून स्टार्टर मारायचे आणि हवा काढायचे. त्या इंजिनांत ते बरोबरच होतं. कॉमन रेलवर हे कोणालाही करू देऊ नका. एवढ्या दाबाची धार कातडीतून सुईसारखी आत जाते. बाहेर नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही, आणि आत डिझेल पसरत जातं. ही शस्त्रक्रियेची तातडी असते, बोट किंवा हात गमावायची वेळ येऊ शकते. कुणाला असं झालं तर ठिपका लहान आहे म्हणून थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना दाबाखालचं डिझेल टोचलंय असं स्पष्ट सांगा. ईथरचा स्प्रे हवेच्या नळीत मारून गाडी "उठवायची" पद्धतही तशीच घातक, तापलेल्या ग्लो प्लगवर तो नको तेव्हा भडकतो. आणि स्टार्टर मिनिट-मिनिटभर मारत बसू नका. स्टार्टर तापतो ते सोडाच, हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं. हवेवर कोरडा फिरवून चांगला पंप खराब करायचा, आणि मग "पंप गेला" हे निदान खरं ठरवायचं!

आता ज्या मुद्द्यावर माझे मित्र माझ्याशी भांडतात तो. गॅरेजवाले तपासणी का करत नाहीत? कारण तिचे पैसे आपण देत नाही. फिटरने दोन तास घालवून दहा रुपयांची ओ-रिंग शोधली आणि हजार रुपये मागितले तर आपण म्हणतो, "एवढ्याशा रबराचे हजार?" तोच फिटर चाळीस हजारांचा पार्ट टाकून लेबर म्हणून तीन हजार लावतो तेव्हा मुकाट्याने कार्ड पुढे करतो. जी माणसं स्वतः रूट कॉज अॅनालिसिसचे तास क्लायंटच्या बिलावर चढवतात त्यांनी असं म्हणावं हे मला भयंकर विनोदी वाटतं. आपण ज्या गोष्टीचे पैसे देतो ती गोष्ट बाजारात मिळते. आपण पार्टचे देतो, म्हणून पार्ट मिळतात. मित्र म्हणतात, गरीब गाडीवाल्याला हा तपासणीचा खर्च कसा परवडणार? अरे, त्यालाच तर चुकीचा पंप सर्वात कमी परवडतो. पुण्यात भाड्याने गाडी चालवणाऱ्याची गाडी चार दिवस उभी राहिली की हप्ता चुकतो.

म्हणून गाडी देतानाच सांगावं: आधी तपासणी करा, तिचे वेगळे पैसे देतो, आकडे जॉब कार्डवर लिहा, आणि ते बघितल्यावर पार्टचं बोलू. काही गॅरेजवाले वैतागतात. पण एखादा चांगला फिटर हे ऐकून अक्षरशः खुलतो, कारण त्याला येत असलेल्या कामाची किंमत कोणीतरी पहिल्यांदा विचारलेली असते. काढलेले जुने पार्ट परत मागा, फिल्टरसकट.

एक प्रसंग मात्र असा आहे की ज्यात काहीच तपासायचं नसतं: डिझेल गाडीत पेट्रोल भरलं गेलं. पेट्रोलला डिझेलसारखा वंगणाचा गुण नाही, पंप आतून खरवडला जातो. पंपावर असतानाच लक्षात आलं तर "बघूया सुरू होते का" म्हणून चावी फिरवू नका. स्टार्टर न मारता नुसती फिरवली तरी टाकीतला पंप दोन-तीन सेकंद चालून पेट्रोल पुढे ढकलतो. नळी लावणाऱ्या पोराशी भांडण नंतर करता येईल. गाडी न्यूट्रलला घालून ढकलत बाजूला घ्या, पावती खिशात ठेवा, आणि टाकी उपसणारा माणूस येईपर्यंत चावी बायकोकडे नाहीतर नवऱ्याकडे देऊन टाका.